घाईवाल्यांचं लाकूड

मिस्त्रींचं एक भाषण होतं. दुकानात गिऱ्हाईक आलं की ते आपोआप तोंडातून बाहेर पडायचं, आणि पार्टिशनच्या पलीकडे राहत्या खोलीत भाजी निवडता निवडता त्यांची बायको ओठ हलवून ते त्यांच्याबरोबर म्हणायची. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. भाषणात मिस्त्री कुठे खोकतात हेसुद्धा एव्हाना तिला पाठ झालं होतं.

भाषण असं होतं. “स्वस्तात चांगली गिटार हवी ना? मग पाठ आणि बाजू प्लायच्या चालतील. नक्षी नको, चकाकी नको. सगळीकडे हात आखडा, पण पुढच्या फळीत काटकसर करू नका, आवाज तिथून येतो. ती अख्ख्या लाकडाचीच हवी. आता त्यात दोन प्रकार. हे पांढरं, ते स्प्रूस. नवं असताना आखडलेलं असतं. वाजवत राहिलात तर दहा वर्षांनी असं मोकळं होतं की विचारू नका. हे तांबूस, ते सीडर. मऊ, हलकं. पहिल्या दिवसापासून गोड बोलतं, पण पुढे फारसं वाढत नाही. थांबायला वेळ असेल तर स्प्रूस घ्या. घाई असेल तर सीडर.”

एकदा एका निवृत्त पोस्टमास्तरांना त्यांनी न विचारता सीडर दाखवलं. मास्तर म्हणाले, “म्हणजे मी काही दहा वर्षं काढत नाही, असंच ना?” पलीकडे बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मास्तरांनी हट्टानं स्प्रूसच नेलं. त्यानंतर कितीतरी दिवस तिनं नवऱ्याला छळलं. “अहो, गिऱ्हाइकाला सीडर दाखवण्याआधी पत्रिका बघत जा.”

मिस्त्रींना गिटार वाजवता येत नव्हती, हे बाहेर कुणाला खरं वाटत नसे. पाच सूर जुळवण्यापलीकडे त्यांची मजल नव्हती. वाजवायची ती. लग्नाआधीच शिकलेली होती. तयार झालेल्या प्रत्येक गिटारीला तारा ती चढवायची, सूर ती लावायची, खिडकीपाशी बसून तासभर वाजवून बघायची, आणि मग ती गिटार कुणाच्या तरी पाठीवर बसून निघून जायची. तीन-चारशे गिटारी तिच्या मांडीवरून गेल्या, पण घरात स्वतःची अशी एकही राहिली नाही. आज ठेवू, उद्या ठेवू म्हणता म्हणता राहूनच गेलं. त्यात दोष कुणाचा असेल तर मिस्त्रींचाच होता. दर वेळी दारात गिऱ्हाईक उभं असायचं आणि त्यांना नाही म्हणता यायचं नाही.

मग ती आजारी पडली. आधी जेवण तुटलं, मग जिना चढताना धाप लागायला लागली. दवाखान्यात ठेवून तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मिस्त्रींना बाहेरच्या बाकावर बोलावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, “तीन महिने. त्याच्या पुढचं मी बोलू शकत नाही.” मिस्त्रींनी मान डोलावली. नळावर जाऊन तोंड धुतलं. आत येऊन बायकोला म्हणाले, “रक्त कमी आहे म्हणे. अशक्तपणा जायला जरा वेळ लागेल.”

“जरा म्हणजे?”

“जरा म्हणजे जरा. तुला काय, लगेच कुस्ती खेळायचीय?”

ती हसली. मिस्त्रींना वाटलं, निभावलं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती म्हणाली, “अहो, मला एक गिटार करून द्या. आपली नेहमीचीच, स्वस्तातली. भारी लाकूड काढू नका माझ्यासाठी. पडल्या पडल्या वाजवीन.”

“देतो की. त्यात काय!” असं म्हणून मिस्त्री पार्टिशनच्या अलीकडे आले आणि फळ्यांच्या मांडणीसमोर उभे राहिले. ते उभेच राहिले.

पाठ, बाजू, मान काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग त्यांनी पुढच्या फळीसाठी दोन्ही लाकडं टेबलावर ठेवली. एक पांढरं, बारीक सरळ रेघांचं. एक तांबूस, नुसतं हातात घेतलं तरी वास येणारं. तिच्यासाठी कुठलं, हे कुठल्याही शिकाऊ माणसानं सांगितलं असतं. तिच्या बोटांत जोर उरला नव्हता, आणि स्प्रूसला नवं असताना जोर लागतो. सीडर नुसत्या स्पर्शाला बोलतं. शिवाय तीन महिने. तीन महिन्यांच्या माणसाला दहा वर्षांचं लाकूड कोण देतं?

पण सीडर दिलं तर तिला सगळं कळणार होतं. भाषण तिला पाठ होतं. दुसऱ्या कुणा बाईपासून रिपोर्ट लपवता आले असते. या बाईपासून लाकूड कसं लपवणार? तांबूस फळी बघताक्षणी ती म्हणणार, अहो, मला घाई आहे का? आणि त्यावर आपण काय बोलणार, हे मिस्त्रींना सुचत नव्हतं.

सवयीनं त्यांनी सीडरची फळी कोपऱ्याला धरून कानाशी नेली आणि अंगठ्याच्या पेरानं ठोकायला हात उचलला. मग त्यांच्या लक्षात आलं, ठोकल्याचा आवाज पलीकडे जाईल, आणि तिला आवाजावरून लाकूड ओळखता येतं. त्यांनी फळी खाली ठेवली. स्प्रूसची उचलली आणि गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात ठोकली. टण्ण आवाज आला.

पलीकडून काहीच आवाज आला नाही.

ते कामाला लागले. एरवी रेंगाळत करायचे ते सगळं त्यांनी झपाट्यानं केलं, तरी सरस वाळायला जो वेळ लागतो तो लागतोच. सकाळी चहा झाला की ते टेबलाशी, दुपारी दोन घास खाल्ले की परत टेबलाशी. मधूनच ती हाक मारायची, “अहो, बसा ना जरा.” हे म्हणायचे, “तुझंच तर काम चाललंय.” आणि खरं सांगायचं तर त्यांना तिथे बरं वाटायचं. रंध्याखाली लाकूड सोलत असलं की तिच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. मेहुणी दोन वेळा येऊन राहून गेली. ती जाताना म्हणाली, “भावजी, गिटार कुठे पळून जात नाही.” मिस्त्रींनी तिला उलट उत्तर दिलं आणि मग दिवसभर त्यांना स्वतःची लाज वाटत राहिली.

गिटार दीड महिन्यात झाली. मिस्त्रींनी तिला उशांना टेकवून बसवलं आणि गिटार मांडीवर दिली. तारा तिनंच चढवल्या. अर्धा तास लागला. मधे दोनदा थांबली, पण हात लावू दिला नाही. मग तिनं पहिला सूर छेडला.

आवाज आतच राहिला. तिनं पुन्हा छेडलं, या वेळी दात आवळून. थोडासा बाहेर आला, पातळ, कोरडा. तिसऱ्यांदा बोटांनीच दगा दिला. ती गिटारीच्या पांढऱ्या फळीवरून तळहात फिरवत राहिली.

“छान झालीय,” ती म्हणाली. “काम नेहमीसारखंच झालंय. पण अहो, सीडर का नाही घेतलंत?”

मिस्त्री म्हणाले, “स्प्रूस मोकळं होतं ना पुढे. तू वाजवत राहिलीस की…”

“कधीपर्यंत?”

ते तारांचे कापलेले तुकडे चादरीवरून वेचायला लागले.

“मी दवाखान्यातच नर्सला विचारलं होतं,” ती म्हणाली. “ती बिचारी खोटं बोलायला शिकलेली नव्हती. मी म्हटलं, तुम्ही आपणहून सांगाल. त्या दिवशी फळी ठोकलीत तेव्हा कळलं, नाही सांगणार. मी इकडे चातकासारखी वाट बघत होते हो, की आता दुसरी ठोकाल. मला ती हवी होती. जन्मभर मी नवी गिटार वाजवली. गोड बोलणारी असली तरी तासाभरात दुसऱ्याची व्हायची. एकदा तरी गोड बोलणारी माझी हवी होती.”

मिस्त्री उठले. “फळी उतरवतो. आत्ता उतरवतो. सीडर बसवतो. एक महिना लागेल, फार तर पाच आठवडे.”

“आणि मला किती दिवस आहेत?”

“अगं…”

“गिऱ्हाइकाला सांगता तसं नीट सांगा. मला किती आहेत?”

मिस्त्रींनी पलंगाची कड धरली. “तीन महिने म्हणाले होते,” ते म्हणाले. “त्यातला दीड गेला.”

दीड महिना कुठे गेला हे दोघांनाही माहीत होतं. पार्टिशनच्या अलीकडे, रंध्याखाली गेला होता. तिच्या नावानंच गेला होता, आणि ती मात्र पलीकडे एकटी पडून होती.

“मग उरलेलाही त्या खोलीत घालवणार?” तिनं विचारलं. ती रागावली नव्हती, नुसती थकली होती.

“नाही.”

“मग बसा इथे.”

ते बसले. तिनं गिटार बाजूला सरकवली आणि त्यांचा हात धरला. बोटांना अजून सरस लागलेला होता, तो ती नखानं खरवडत राहिली.

“आधीच सांगितलं असतंत,” ती म्हणाली, “तर दोघं मिळून रडलो असतो. एकटीनं रडायचा कंटाळा आला होता मला.”

तेव्हा मिस्त्रींचा बांध फुटला. तीन-चारशे गिटारी केलेला तो माणूस तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला, आणि तीही रडली, आणि बराच वेळ कुणीच कुणाला गप्प केलं नाही. मग तिनं पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे, आणि म्हणाली, “आता मला पाणी द्या. आणि पाठीमागची उशी जरा वर घ्या.”