टाळ कुठे गेले

दोन हजार चार साली माझ्या मुलीने, प्रेरणाने, कॉम्प्युटरसाठी हेडफोन आणला आणि आमच्या भजनी मंडळाची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवून दिली. मी हेडफोन कानाला लावला तर त्यात टाळच नाहीत. मृदंग वाजतो, आणि माणसं गोधडी पांघरून गायल्यासारखी.

"डुप्लिकेट आहे हा," मी म्हणालो.

तिने स्क्रीनवर इक्वलायझर उघडला. सरकणारी उभी बटनं होती. "डावीकडची जाड आवाजाची, उजवीकडची बारीक आवाजाची. तुमाले पाह्यजे तशी वरखाली करा."

मी उजवीकडची सगळी पार वर नेली. टाळ आले, खणखणीत. प्रेरणाने ऐकलं आणि हेडफोन फेकलाच.

"बाबा, कान फाटून राह्यले. एवढं वर काऊन केलं?"

तिने बटनं एका रेषेत आणली. माझे टाळ पुन्हा गायब. हेडफोन एकच, मग मला वेगळं आणि तिला वेगळं कसं ऐकवतो?

पुढच्या खोलीत आमची पिठाची गिरणी. लग्नापासून यशोदा माझ्याबरोबर ती चालवते. तिला बोलावलं, बटनं परत वर नेली. पिठाच्या हातांनी तिने हेडफोन लावला.

"चांगलं तर येऊन राह्यलं," ती म्हणाली.

दोघांविरुद्ध एक. मी जिंकलो होतो.

प्रेरणा मात्र आमच्याकडे टक लावून बघत होती. "आई, गिरणीचा पट्टा चिरकून राह्यला. ऐकू येते का तुमाले?"

"आपला पट्टा कधीच चिरकत नाई," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मी वैतागून पुढच्या खोलीत गेलो. दळणाचे डबे खाली ठेवून बाया रांगेत उभ्या होत्या, कानांत बोटं घालून.