तात्पुरतं बसवलेलं बटण

धाकटा दीर पंधरा दिवसांसाठी म्हणून राहायला आला, त्याला आता चार वर्षं झाली होती. घरात एकाच खोलीला धड दार होतं आणि दाराला आतून कडी होती. ती मागची खोली त्याने पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली आणि तिथे आपला संसार मांडला: पोट फाडलेले रिमोट, निम्मे रेडिओ, तारांचे गुंते. सासूबाई त्याला कौतुकाने ‘आमचा शास्त्रज्ञ’ म्हणत. शास्त्रज्ञाने लावलेले दिवे वहिनी रोज पाहत होती. मिक्सर चालू केला की झाकण दाबून उभं राहायचं, न्हाणीघराचा नळ पक्कडीने उघडायचा, फ्रिजचं दार मिटून राहावं म्हणून त्याला स्टूल टेकवायचं. कुणी चकार शब्द काढला, तर उत्तर ठरलेलं.

“तात्पुरतं आहे, वहिनी. पण चालतंय ना?”

तिच्या लॅपटॉपवरचं ‘ए’चं बटण महिन्याभरापूर्वी उडालं होतं. त्याखालची प्लास्टिकची पकडच मोडली होती. तिने शास्त्रज्ञाला पत्ता लागू न देता खोडरबराचा एक तुकडा ब्लेडने कापून तिथे चिकटवला. दिसायला ध्यान होतं, पण काम चोख. बोटालाही त्याची सवय झाली होती.

आणि आज अकरा वाजता तिची चाचणी होती. डॉक्टर बोलून ठेवतात ती टिपणं ऐकून टाइप करायची, घरी बसून, अशी नोकरी. चाळीस मिनिटं, एकच संधी. लग्नाआधी ती हेच काम करायची आणि झकास करायची. सहा वर्षांनी पुन्हा स्वतःचं काही मिळणार होतं. म्हणून सकाळच्या चहालाच तिने सगळ्यांना बजावलं, “आज लॅपटॉपला कुणीही हात लावायचा नाही.”

ती अंघोळीला गेली, आणि शास्त्रज्ञाने हात लावला.

बाहेर येते तो स्वारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, चेहऱ्यावर पराक्रम. खोडरबराचा तुकडा केराच्या डब्यात गेला होता. अगदी वरच्या ओळीतलं, फारसं न लागणारं एक बटण उपटून त्याने ते ‘ए’च्या जागी घट्ट चिकटणाऱ्या गोंदाने बसवलं होतं.

“ते रबर काय लावलं होतं, वहिनी! लाज वाटली मला. आता बघा.” त्याने दहा वेळा बटण दाबून दाखवलं. “लोण्यासारखं चालतंय.”

“हाताला सोनं आहे पोराच्या,” सासूबाई म्हणाल्या. नवरा बुटाची नाडी बांधत होता. तो मान वर न करता म्हणाला, “जाऊ दे गं, चांगल्यासाठीच केलं ना त्याने,” आणि ऑफिसला निघून गेला. चालत होतं, हे खरंच होतं. गोंद अजून ओला होता, एवढी गोष्ट त्या सोन्याच्या हातांना कळली नव्हती.

अकरा वाजता चाचणी सुरू झाली. कानात डॉक्टरांचा आवाज, बोटांना जुना वेग. दहाव्या मिनिटाला ‘ए’ जड झाला. बाराव्या मिनिटाला गोंद सुकून दगड झाला आणि बटण जे बसलं ते बसलंच. शास्त्रज्ञ तेव्हा मागच्या खोलीत दुसरी झोप काढत होता.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं. तिने केसातली पिन काढली, बटणाखाली घातली आणि जोर लावला. बटण आलं, सोबत खालची रबराची टोपीही फाटून आली. उरलं नुसतं तळाचं प्लास्टिकचं पातळ पान, ज्यावर दाब पडला की अक्षर उमटतं. तिने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि तिच्या मागचं खोडरबर त्या पानावर दाबलं. पडद्यावर ‘ए’ उमटला. पुढची पंचवीस मिनिटं डाव्या मुठीत पेन्सिल आणि बाकी सगळी उजव्या हाताची धावपळ. शेवटची ओळ पुरी झाली तेव्हा चार सेकंद शिल्लक होते. मनगट ठणकत होतं आणि तोंडाने ती दिराचा उद्धार करत होती.

दोन दिवसांनी कळवलं गेलं: वेग बेताचा, पण चूक एकही नाही. सोमवारपासून रुजू व्हा. खाली एक अट होती, रुग्णांची माहिती गुप्त असते, म्हणून काम बंद दाराच्या स्वतंत्र खोलीतच करावं लागेल.

सासूबाईंनी शेजारणीला बोलावून पेढे वाटण्याच्या तोऱ्यात सांगितलं, “आमच्या शास्त्रज्ञाने बटण बसवून दिलं म्हणून लागली हो नोकरी!” शास्त्रज्ञाने नम्रपणे मान झुकवली. वहिनी मागच्या खोलीत गेली आणि रिमोट, रेडिओ, तारा पोत्यात भरून एकेक पोतं बाहेर आणून ठेवू लागली.

“अहो वहिनी, हे काय? मी झोपू कुठे?”

तिने बाहेरच्या खोलीतल्या पलंगाकडे बोट दाखवलं. त्याचा मोडका पाय त्यानेच कधीतरी रंगाच्या डब्यावर टेकवला होता, आणि कुशीवर वळलं की तो डुगडुगायचा.

“तात्पुरतं आहे, भावोजी,” ती म्हणाली. “पण चालतंय ना?”

आणि तिने आत जाऊन कडी लावली.