मास्तरांची सहा मापं

ज्या बाटलीशी मास्तरीणबाईंचा बारा वर्षं उभा दावा होता, ती आता त्यांच्याच कपाटात होती आणि कुलपाची किल्ली त्यांच्याच गळ्यात. दिवसातून सहा वेळा त्यांनी कपाट उघडायचं, डॉक्टरांनी पेनानं खूण करून दिलेल्या ग्लासात रेघेपर्यंत दारू ओतायची आणि नवऱ्याच्या हातात द्यायची. नशिबानं माणसाची चेष्टा करावी, पण किती!

नवरा कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. टेबलावर कापडाचे चाळीस थर आणि हातात विजेवर चालणारं पातं. पण मास्तर ते खडूच्या खुणेबाहेर दोराभरही जाऊ द्यायचे नाहीत. गेल्या महिन्यात तोच हात थरथरला आणि चाळीसच्या चाळीस बाह्या तिरक्या कापल्या गेल्या. मालक ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "हात थांबला की या." त्या दिवशी मास्तर जन्मात पहिल्यांदा आपल्या पायांनी दवाखान्यात गेले.

डॉक्टरांना त्यांना भरती करून घ्यायचं होतं, पण खाट रिकामी नव्हती. तोवर घरीच सहा मापांनी सुरुवात करायची आणि दर तीन दिवसांनी एक माप कमी करायचं, असं ठरलं. घाई मुळीच करू नका, त्यांनी बजावलं. एकदम तोडली तर झटके येतात, जिवावर बेतू शकतं. बाईंचं टाळकं तिथेच सरकलं. "एकदम सोडली तर मरेन गं," असं म्हणत म्हणत तर या माणसानं बारा वर्षं ढोसली होती. यानं डॉक्टरलाही गुंडाळलं, असंच त्यांना वाटलं.

तीन दिवस सगळं रेघेबरहुकूम झालं. चौथ्या दिवशी बाईंच्या लक्षात आलं की मास्तर ग्लास घेऊन बाथरूममध्ये जातात आणि आतून कडी लावतात. समोर प्यायची लाज वाटते म्हणावं, तर यांना लाज कधीपासून वाटायला लागली? आत दुसरी बाटली दडवली असणार. त्यांनी बादल्यांमागे पाहिलं, खिडकीच्या कठड्यावर पाहिलं, फ्लशच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला. काहीच सापडलं नाही, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. मुरलेला माणूस, जागाही तशीच शोधली असेल. मग त्यांनीही आपला डाव टाकला. ग्लास रेघेपर्यंतच भरायचा, पण त्यात निम्मं पाणी. चोरून घेतोच आहे, तर आपण कशाला भर घालायची?

मास्तर तक्रारीचा शब्द बोलले नाहीत. फक्त त्यांचा शर्ट घामानं पिळून काढण्यासारखा व्हायचा, चमचा बशीवर खडखडायचा, आणि एका दुपारी ते म्हणाले की भिंतीवर मुंग्या चालताहेत. भिंत स्वच्छ होती. नाटकं सगळी, असं बाईंनी स्वतःला सांगितलं आणि पाणी आणखी वाढवलं. हे नाटक नसलं तर, असं मनात येत होतं, नाही असं नाही. पण दारू सुटायच्या इतकं जवळ आल्यावर हात सैल सोडायची त्यांची तयारी नव्हती.

आठव्या दिवशी सकाळी दाढी करता करता मास्तर आरशासमोरून सरळ मागे कोसळले. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, तोंडाला लाल फेस. बाईंनी त्यांना कुशीवर वळवलं, शेजाऱ्यांना हाका मारमारून गोळा केलं आणि दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून दवाखाना गाठला.

आता मात्र खाट मिळाली. मास्तरांची बहीणही धावत आली. ही नणंद पहिल्यापासून म्हणत आलेली, की माझ्या भावाला सांभाळणारी मिळाली नाही. मास्तर शुद्धीवर येताच डॉक्टरांनी विचारलं, रोज नेमकी किती पोटात जात होती? खरं सांगा, औषध किती द्यायचं ते त्यावर ठरणार, दुसरा झटका आला तर हातात काही राहणार नाही.

मास्तरांची जीभ चावली गेली होती. ते कसेबसे म्हणाले, "हिनं मापूनच दिली. निम्मी मी बाथरूममध्ये ओतून टाकायचो."

"का?"

"ग्लास देताना हिचं तोंड बघवायचं नाही. वाटलं, हे लवकर संपवून टाकू."

नणंदेनं कपाळाला हात लावला. डॉक्टर मास्तरांवरच चिडले. बाई गप्प बसल्या असत्या तर कुणालाही काही कळलं नसतं. सगळा दोष नवऱ्यानं आयता अंगावर घेतला होता, आणि बारा वर्षं तो त्याचाच असायचा. बाईंना आपली शरम वाटली.

"त्यात निम्मं पाणी होतं," त्या म्हणाल्या. "परवापासून त्याहून जास्त. मी घालत होते."

 डॉक्टर वळले आणि त्यांनी नर्सला घाईनं इंजेक्शन आणायला पिटाळलं.

बाई खाटेच्या कडेला बसल्या. मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला, तरी थरथर थांबेना. "ओतत होतात, तर मला सांगायचं नाही का?"

मास्तरांनी छतावरची नजर त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाले, "सांगितलं असतं, तर तुला खरं वाटलं असतं?"

हो म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. निदान आत्ता तरी म्हणायचं होतं. पण शब्द फुटायच्या आत त्यांच्या हातातला तो हात ताठ व्हायला लागला, आणि त्या नर्सला हाका मारत दाराकडे धावल्या.