डिप रॉडचा संशय

मित्रांनो, पितळेच्या लांब, खुणा कोरलेल्या दांड्याला पंपावरची माणसं डिप रॉड म्हणतात. मी तसाच एक जुना, काळवंडलेला रॉड आहे. कासुर्डीजवळ सोलापूर रस्त्याला हनुमंतआप्पांचा डिझेलपंप आहे, तिथे मी बावीस वर्षं नोकरी केली. रोज सकाळी मला जमिनीखालच्या टाकीत तळापर्यंत सोडायचं, वर काढायचं आणि माझ्या अंगावर डिझेल कुठवर लागलं ते वाचायचं. टाकीत किती माल आहे ते असं कळतं. हल्ली आपोआप मोजणारी यंत्रं निघाली आहेत, पण आप्पांचा त्यांच्यावर भरवसा नाही.

माझा तर कुणावरच नव्हता. टँकरवाला जरा जास्त गोड बोलला की मला वाटे, याने वाटेत नक्की हात मारला आहे. सगळे मला मान देत, माझा आकडा शेवटचा मानत. त्यामुळे मी फार शेफारलो होतो.

माझा आवडता माणूस म्हणजे मॅनेजर नवनाथ. तो झाकण उघडायचा आणि मला वरूनच सोडून द्यायचा. मी सूं करत जाऊन तळावर ठण्ण आपटायचो. काम करावं तर असं झटपट! त्याच्या सुट्टीच्या दिवशी मीरासाहेबमामा डिप घ्यायचे. ते सगळ्यांत जुने कामगार. दोन्ही हातांनी धरून, जपत जपत मला खाली सोडायचे. मला त्यांचा राग यायचा. इतका वेळ कशाला लागतो? हा माणूस काय लपवतो आहे? मी त्यांच्यावर डोळा ठेवला.

मग एका उन्हाळ्यात टाकीतला माल विनाकारण उतरू लागला. आठवड्याला बोटभर तरी जायचाच. त्याच सुमारास पंपामागच्या वस्तीवरच्या शेवंताबाई पाण्याची कळशी घेऊन आप्पांकडे आल्या.

"आप्पा, वास घ्या जरा. विहिरीचं पानी हाय का डिझेल? पोरंसोरं हेच पित्यात."

आप्पांनी वास घेतला आणि कळशी खाली ठेवली. नवनाथ म्हणाला, "मामांची घरला जायची वाट त्या विहिरीवरनंच हाय. कॅन भरून न्हेत असतील, तितंच सांडत असंल."

दोन गोष्टी अशा चपखल जुळल्या की मला आनंदच झाला. बघा, मी म्हणत नव्हतो? मामा एवढंच म्हणाले, "आप्पा, बावीस वर्सं तुमचं मीठ खाल्लंय. मी न्हाई." आप्पांनी मान खाली घातली आणि त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. गावात तर मामांना चोरच म्हणू लागले. त्यांची लेक निखत शाळेत शिकवायची, तिलाही लोक चार शब्द ऐकवायचे.

पण शेवंताबाईंनी वरपर्यंत अर्ज केला आणि माती-पाणी तपासणाऱ्या राजश्री मॅडम आल्या. मला त्यांचाही संशय आला. त्या कुणाला जबाब विचारत नव्हत्या, नुसतं जमिनीलाच विचारत होत्या. टाकीपासून विहिरीपर्यंत त्यांनी सहा बोअर घेतले, प्रत्येक थरातली माती काचेच्या बाटल्यांत भरली आणि प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल आल्यावर त्या आप्पांना म्हणाल्या, "विहिरीजवळची वरची माती स्वच्छ आहे. कॅन सांडला असता तर आधी तीच खराब झाली असती. डिझेल बारा फूट खाली आहे, आणि टाकीजवळ सगळ्यांत जास्त. ते जमिनीखालून पाण्याबरोबर विहिरीकडे गेलंय. टाकी रिकामी करा."

टाकी उपसली, हवा खेळवली. सफाईचा महेंद्र तोंडाला मास्क लावून आत उतरला. आतून त्याचा आवाज घुमला, "मॅडम, भोक हाय! डिप सोडायच्या तोंडाच्या बरोब्बर खाली!"

मॅडमनी मला हळूच खाली सोडायला लावलं. महेंद्रने माझं टोक धरून त्या भोकावर ठेवलं. मित्रांनो, ते नेमकं बसलं. माझं टोक पत्र्यातून आरपार जाऊन ओल्या, वासाच्या मातीला लागलं. वर्षानुवर्षं एकाच जागी आपटून आपटून तो पत्रा मीच झिजवला होता. चोर मी होतो. ज्या दिवशी मामा डिप घेत, तेवढ्या एका दिवशी ती टाकी वाचत होती.

आप्पा त्याच दुपारी मामांच्या घरी गेले आणि हात जोडून त्यांना पंपावर घेऊन आले. "मामा, चुकलो. उद्यापासून परत या."

मामांनी उघड्या टाकीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "शेवंताबाईची विहीर साफ व्हायला मॅडम पाच वर्सं म्हंत्यात. ती साफ होस्तोवर वस्तीला रोज टँकर द्या, आप्पा. पानी पिण्याजोगं झालं की मला बोलवा. तितं बसून तांब्याभर पिईन. पंपावर मातर आता न्हाई येनार."

मित्रांनो, एखाद्याच्या सावकाशपणाला लबाडी म्हणण्याआधी थोडं थांबत जा. मी बावीस वर्षं सगळ्यांवर नजर ठेवली, फक्त स्वतःच्या टोकाखाली पाहिलं नाही. त्या माणसाची मला माफी मागायची आहे, पण मला बोलता येत नाही, आणि तो आता पंपावर येत नाही.