मशीनवरचं घोंगडं

उत्कर्षाच्या कॉम्प्युटरचा मुक्काम घरातून बेदाण्याच्या शेडवर हलला, तो तिच्या सासूमुळे. घरात होता तेव्हा त्याच्या पाठीमागून दिवसभर गरम वारा यायचा, आणि तासगावच्या पूर्वेला मार्च महिन्यात गरम वाऱ्याचं कुणाला कौतुक असणार? अंबूबाईंनी दोन-तीन दिवस कसेबसे काढले. मग त्या म्हणाल्या, "पोरी, तुज्या ह्या पेटीनं सोपा भाजून काढलाय. आता हिला तरी बाहीर काढ, न्हाईतर मला तरी."

पेटी म्हणजे उत्कर्षाचा जीव होता. लग्नाआधी साताऱ्यात ती आर्किटेक्ट लोकांना घरांची चित्रं करून द्यायची, तेव्हा पहिल्या कमाईतून एकेक भाग आणून तिने ती स्वतः जुळवली होती. त्यातलं ग्राफिक्स कार्ड एवढं दांडगं होतं, की दुकानदाराने "कुणासाठी नेताय?" असं दोनदा विचारलं होतं आणि ती दोन्ही वेळा त्याच्यावर चिडली होती. आता कामाला कंपनीचा लॅपटॉप आला आणि हा गडी रिकामा बसला. रिकामं बसलेलं तिला काहीच बघवत नसे, नवरासुद्धा. म्हणून तिने त्याला इंटरनेटवरची नाणी कमवायला लावायचं ठरवलं. मायनिंग म्हणतात ते.

नवरा सूरज पहिल्यांदा हसला. "विजेचं बिल भरायला मीच ना?" पण विजेचा प्रश्न तिने आधीच सोडवला होता. बेदाणे धुवायच्या मशीनसाठी शेडवर सोलरच्या पाट्या बसवल्या होत्या. ते मशीन हंगामात चार दिवस चालायचं आणि बाकी वर्षभर पाट्या नुसतं ऊन खायच्या. दिवसा ऊन आहे तोवर कॉम्प्युटर चालवायचा आणि संध्याकाळी बंद करायचा. मग सूरजच शेडपर्यंत नेटची वायर ओढायला गेला.

सासरे अर्जुना यांना समजावणं मात्र वेगळं होतं. ते जन्माचे मेंढपाळ. गुडघे बोलायला लागले तेव्हा मेंढरं पुतण्याच्या ताब्यात दिली आणि द्राक्षात पडले, पण बोलणं अजून सगळं मेंढरांचंच.

"ही करती काय पण नेमकं?" त्यांनी विचारलं.

"मामा, एक मोठं कुलूप आहे असं समजा. जगभरातले कॉम्प्युटर त्याच्या आकड्यांचा अंदाज बांधत बसतात. ज्याचा अंदाज लागला, त्याला नवी नाणी मिळतात."

"आन आपला कवा लागायचा?"

"एकट्याने बसलो तर ह्या जन्मात नाही. म्हणून हजारो जण गट करतात. कुणाचाही लागला तरी ज्याने जेवढं काम केलं, तेवढा त्याचा वाटा. वाटा ठरलेल्या मापापर्यंत साठला, की ते पाठवून देतात."

अर्जुनांनी थोडा वेळ मान हलवली. "म्हंजी मेंढरांच्या वाड्यावानीच की. समद्यांची मेंढरं एकत्र चालायची, कुनाच्या का रानात बसंनात, रानवाला दील ते धान्य वाटून घ्यायचं. हे आधी सांगायचं न्हाई व्हय?"

आणि मग त्यांनीच शेडच्या बाजूची दगडी खोली देऊ केली. पश्चिमेच्या खिडकीतून तिथे वारा कधी थांबत नाही, सुनेच्या पेटीला तेच पाहिजे. सोलरवर ऊन आलं की ते स्वतः बटण दाबायचे आणि फोन करून सांगायचे, "सोडली गं चरायला." सुनेचं हे खूळ घरात सगळ्यांत आधी कुणाला लागलं असेल, तर सासऱ्याला. चावडीपुढे त्यांनी दोन म्हाताऱ्यांना मायनिंग समजावून सांगितलं आणि त्यातल्या एकाने बोकड मिळतो का असं विचारलं.

उत्कर्षाच्या फोनवर एक हिरवी पट्टी होती. वाटा साठेल तशी ती भरत जायची. एका बाजूला कार्डाचं तापमान दिसायचं. ती भाकरी थापतानाही पट्टी बघायची. पट्टी भरत आली आणि नेमका साताऱ्याला धाकट्या बहिणीचा, प्रांजलचा, साखरपुडा आला. बेदाण्याचा हंगाम ऐन भरात होता, म्हणून सासू-सासरे मागे राहिले. निघताना उत्कर्षाने अर्जुनांना बजावलं, "मामा, उद्या दुपारपर्यंत पट्टी भरते. काय वाट्टेल ते झालं तरी मशीन बंद करू नका."

"जीव गेला तरी न्हाई," अर्जुना म्हणाले.

साखरपुड्याला मंडळी जमली, भटजी आले, नवऱ्या मुलाकडचे जरा उशिराच आले. उत्कर्षा बहिणीच्या मागे उभी राहून फोन बघत होती. पट्टी भरायला आता नखाएवढी जागा उरली होती. बहिणीच्या साखरपुड्यात आपल्याला आनंद कशाचा होतोय, याची तिला लाज वाटली, पण फोन काही खाली जाईना. सूरजने कोपराने ढोसलं, "फोटोत ये की जरा." ती फोटोत आली आणि हसली. त्या फोटोत आजही ती खाली बघतानाच दिसते.

तेवढ्यात तापमानाचा आकडा हलला. रोज सत्तरच्या आत असणारा आकडा पंच्याहत्तर झाला, मग ऐंशी. वारा पडला असेल, तिला वाटलं. मग पंच्याऐंशी. तिने सासऱ्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. आकडा नव्वदला टेकला. पट्टी भरायला अजून थोडा वेळ लागणार होता, आणि कार्ड तेवढा वेळ तग धरेल की नाही हे कुणी सांगावं? तिने दात आवळले आणि फोनवरूनच मशीन बंद केलं. पट्टी होती तिथे थांबली. तिला रडूच आलं, आणि मंडळींना वाटलं, थोरली बहीण आहे, माया आहे.

मग तिने अंबूबाईंना फोन लावला.

"आत्या, मामा कुठायत?"

"आगं, ते धुरी द्याय लागल्यात. काल वाऱ्यानं शेडातला धुरीचा प्लास्टिकचा कागद फाटला न्हवं, आन सांगलीचा व्यापारी उद्या पिवळा माल बघाय येनार हाय. मग त्यास्नी म्हनलं, खोलीत द्या."

धुतलेल्या बेदाण्यांना सोनेरी रंग यावा म्हणून त्यांचे ट्रे बंद जागेत रचतात आणि आत गंधक जाळतात. तो धूर माणसाच्या छातीत गेला तर आग होते आणि तांब्याला लागला तर तांबं खाऊन टाकतो. कॉम्प्युटरच्या आत तांब्याशिवाय असतं काय?

"कुठल्या खोलीत? पेटीच्या?"

"व्हय. पर तू काळजी करू नगंस. त्यांनी पेटी बंद न्हाई केली, तू सांगून गेलीस न्हवं. वरनं नवं घोंगडं टाकलंय, चांगलं दुहेरी. त्यातनं काय जात न्हाई, गाराबी न्हाई."

अर्जुनांनी त्याच घोंगड्यावर आयुष्य काढलं होतं. पाऊस, थंडी, गारपीट, कुठलंही संकट आलं, की घोंगडं ओढायचं आणि बसून राहायचं. पेटी सुनेची म्हणून त्यांनी स्वतःसाठी ठेवलेलं नवंकोरं तिच्यावर घातलं होतं. माणूस चुकला तरी कसा चुकावा, याचा हा नमुना.

"आत्या, फोन मामांना द्या. लगेच."

अंबूबाई शेडकडे पळाल्या. त्यांच्या बांगड्या फोनमधून ऐकू येत होत्या. इकडे हॉलच्या दारात उत्कर्षा आणि मागे सूरज. मग अर्जुनांचा आवाज आला. तिने दोन वाक्यांत सांगितलं.

"म्हंजी म्याच मारली की गं तिला," ते म्हणाले. "थांब, आत्ता बाहीर आनतो. तोंडाला वला पटका बांधतो आन जातो."

"मामा, आत जाऊ नका."

"आगं, दोन पावलं..."

"नाही म्हणते ना! जळू दे ती पेटी. मी दुसरी जुळवीन. दुसरे मामा मला कुठून जुळवता येणारेत?"

हे ती इतक्या जोरात म्हणाली, की आतून भटजींचा मंत्र थांबला. सूरज तिच्याकडे बघतच राहिला. पेटीवर पाण्याचा थेंब उडाला म्हणून हिने आपल्याशी आठवडाभर अबोला धरला होता, हे त्याला आठवलं असावं.

पलीकडे फोन पुन्हा अंबूबाईंच्या हातात गेला होता. "आत न्हाई गेले," त्या धापा टाकत सांगायला लागल्या. "बाहीरनंच दार उगाडलं. फटीत घातलेली चिंधी वडून काढली. आता खिडकीकडं गेल्यात... काठीनं फळी पाडली खिडकीची. धूर चाललाय गं, लय चाललाय, पार वड्याकडं."

"आणि बेदाणा?" सूरजने मागून विचारलं. अर्धवट धुरी बसलेला माल ना पिवळा होतो ना हिरवा राहतो, हे त्याला ठाऊक होतं. त्या खोलीत हंगामातला सगळ्यात चांगला घाणा होता.

अंबूबाईंनी ते विचारलं असावं. लांबून अर्जुनांचा आवाज आला, "बेदान्याला घाल खड्ड्यात. पेटीवर वारा लागतोय का बघ."

साखरपुडा उरकला आणि दोघं निघाली. दिवस कलता कलता ती घरी पोचली. अंगणात बाजेवर पेटी ठेवली होती, देव मांडावा तशी. शेजारी अर्जुना मांडी घालून बसले होते. त्यांचे डोळे लाल झाले होते. ते धुराने झाले की कशाने, हे तिने विचारलं नाही. पलीकडे सुपात बेदाणा होता, कुठे पिवळा, कुठे काळपट, सगळा डागी.

तिने पेटी उघडली. घोंगड्याची लोकर पंख्यात अडकून पंखा आधीच बंद पडला होता, त्यामुळे धूर फारसा आत ओढलाच गेला नव्हता. घोंगड्याने आगही लावली असती आणि घोंगड्यानेच वाचवलंही होतं. तिने लोकर उपसली, ब्रशने सगळं साफ केलं, तांब्यावर बोट फिरवून पाहिलं. एका कडेला थोडी काळी छटा होती, एवढंच. "सकाळी कळेल," ती म्हणाली. त्या घरात त्या रात्री कुणीच नीट झोपलं नसेल.

सकाळी पाट्यांवर ऊन आलं. अर्जुनांनी बटणाला हात लावायला नकार दिला, म्हणून तिनेच दाबलं. पंखा जरा कुरकुरला आणि फिरला. दिवे लागले. पट्टी काल जिथे अडली होती, तिथून पुढे सरकली. चहाचे कप हातातच गार झाले. मग फोन वाजला आणि पट्टी एकदम रिकामी झाली.

"गेलं का समदं?" अर्जुना घाबरून म्हणाले.

"गेलं नाही मामा, आलं. वाड्यातला आपला वाटा आला."

वाटा होता अर्धा किलो बेदाण्याच्या मोलाचा. सूरजने हिशेब केला आणि तोंड उघडणार होता, पण अंबूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने ते मिटलं. उत्कर्षा अंगणात अक्षरशः नाचली, डोक्यावरचा पदर सोडून, शेजारीपाजारी बघत असताना.

अर्जुना आत गेले आणि मुठीत बिरोबाचा भंडारा घेऊन आले. मेंढरांची पहिली लोकर निघाली, की ते मेंढरावर भंडारा उधळायचे. आजही त्यांनी पेटीवर उधळायला मूठ वर नेली. उत्कर्षा अडवायला एक पाऊल पुढे आली, कारण पंखा जोरात फिरत होता आणि हळद म्हणजे शेवटी पूडच. पण मामांचं मन कसं मोडायचं? ती मागे सरकली.

मूठ वरच थांबली. अर्जुनांनी पंख्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"हिला नगं," ते म्हणाले. "हिला मानवायचं न्हाई."

आणि तो सगळा भंडारा त्यांनी उत्कर्षाच्या कपाळाला लावला, भांगापर्यंत, दोन्ही हातांनी.