अशिलाच्या बाजूची खुर्ची

वकीलबाईंच्या टेबलासमोर, दाराकडे पाठ करून उभी असलेली ती दोन हातांची जुनी खुर्ची पाहिलीत? तीच मी.

एका सुताराने मला घडवलं आणि नुकत्याच वकील झालेल्या आमच्या बाईंनी मला घेतलं. अपघातात जायबंदी झालेल्यांना भरपाई मिळवून देणं हे त्यांचं काम. त्यामुळे माझ्याकडे येणारं माणूस कुबड्या घेऊन येतं, नाहीतर हात गळ्यात बांधून. धडधाकट असे एक कारकूनकाकाच. जेवण झालं की माझ्यावर ऐसपैस बसून घोरतात!

बाई हुशार, पण घाईच्या. अशील बसला न बसला तोच विचारायच्या, "अपघात कसा झाला?" बाहेर कारकूनकाकांनी तेच विचारून झालेलं असायचं.

एकदा एक न्हावी आला, बायकोला घेऊन. सायकलवरून जाताना टेम्पोने उडवलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती.

"यांच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं," बायको म्हणाली. "गिऱ्हाईक दाढीपेक्षा गप्पांनाच यायचं. आता घरात घड्याळ तेवढं बोलतं."

तिसऱ्या भेटीतही बाईंनी विचारलं, "टेम्पो नेमका कुठून आला?" त्याने डाव्या हाताने माझा हात घट्ट आवळला. मग ताडकन उठला.

"नको तो दावा, बाई. इथे आलो की तो टेम्पो पुन्हा अंगावर येतो."

दोघं निघून गेले. बाई टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आल्या. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्यावर येऊन बसल्या. समोर चेंदामेंदा झालेल्या सायकलचे फोटो मांडलेले, बरोबर अशिलाच्या नजरेसमोर.

"अगं बाई! हे मी त्यांना दर वेळी दाखवत होते?"

दुसऱ्या दिवशी त्या न्हाव्याच्या घरी गेल्या. तिथे काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, पण आठवड्याने तो परत आला. फोटो फाइलीत गेले होते, बाईंचा फोन बंद होता.

"हकीकत लिहून झाली आहे," बाई म्हणाल्या. "आता कोर्टात सांगावी लागेल, त्याची तयारी आपण मिळून करू. निकालाला दोन वर्षं लागतील. लवकर होईल असं खोटं सांगणार नाही. पण दर शुक्रवारी मी फोन करीन, काही घडलं नसलं तरी. आणि मनाच्या डॉक्टरांना एकदा भेटा."

"मी काय वेडा झालोय?"

"बोटं मोडली तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे गेलातच ना?"

बायको म्हणाली, "मी नेते यांना."

मग तालमी सुरू झाल्या. बाई पलीकडच्या वकिलांचं सोंग घेऊन दरडावायच्या, "चूक तुमचीच होती!" पहिल्यांदा त्याला दरदरून घाम फुटला. चौथ्या खेपेला तो म्हणाला, "बाई, तुम्हाला ओरडता येत नाही. आमच्या हिच्याकडून शिका." सगळे हसले. मीही करकरले.

कोर्टात मला कोण नेणार? पण उलटतपासणी आटपून आल्यावर तो माझ्यावर बसून पाऊण तास बोलला. मध्येच एकदा त्याने पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि पुढचं सांगितलं. पुढे निकाल त्याच्या बाजूने लागला. बोटं मात्र वाकली नाहीत ती नाहीतच. आता दुकानात कात्री बायको चालवते आणि गप्पा तो मारतो.

माझं आता वय झालंय, एक पाय डुगडुगतो. तुमच्याकडे एकच मागणं आहे. दुखावलेलं माणूस समोर आलं तर त्याला बोलतं करायची घाई करू नका.

आज सकाळी एक शिक्षिका आलीय, जिन्याचा कठडा तुटून पडलेली. दहा मिनिटं झाली, ती खिडकीबाहेर पाहतेय. बाईंनी पेनाला टोपण लावलंय.

"सांगू?" शिक्षिकेने विचारलं.

"सावकाश," बाई म्हणाल्या.

मी आता थांबते. ती बोलायला लागलीय.