उतारावरची पहिली फेरी

त्याने बस डेपोच्या फाटकातच उभी केली, इंजिन चालू ठेवून खाली उतरला आणि बुटाची टाच रस्त्यावर घासून पाहिली. टाच सरळ निसटली. दिव्यांच्या उजेडात डांबर ओलं असल्यासारखं चकाकत होतं, पण ते पाणी नव्हतं. रात्री भुरभुर पाऊस होऊन गेला होता आणि पहाटेच्या कडाक्याने त्या पाण्याची उतारभर बर्फाची काच करून ठेवली होती. त्याने वाकून बोटांनी ती चाचपली आणि पुन्हा गाडीत न चढता तो ऑफिसकडे चालू लागला.

"दादा, काय झालं?" दारातून डोकं काढून कंडक्टरने विचारलं.

"उतरव सगळ्यांना. ऊन येईपर्यंत गाडी जात नाही."

डेपोतले सगळेच त्याला दादा म्हणत. सकाळची ही पहिली फेरी किती वर्षं त्याच्याकडे होती, ते त्यालाही नीट आठवत नव्हतं. खालच्या खोऱ्यातले गिरणी कामगार आणि इस्पितळातल्या नर्सबाई या बसने जात. त्याच्या पाठीमागे कुरकुर सुरू झाली. उशिरा पोचणाऱ्याला गिरणीत आत घेत नसत.

मॅनेजरसाहेब हीटरसमोर हात शेकत बसले होते. त्यांच्या मागच्या भिंतीवर हिवाळी सुरक्षा सप्ताहाचा रंगीत फलक होता : शंका आली तर गाडी काढू नका.

"साहेब, नुसती काच आहे खाली. चाकांना बर्फावर पकड घेणाऱ्या साखळ्या असत्या तर नेली असती."

"साखळ्यांची मागणी वर पाठवलीय, दादा."

"ती गेल्या हिवाळ्यातही वरच होती."

साहेब हसले. दादाने फलकाकडे बोट दाखवलं. साहेबांनी मान वळवून तो पाहिला, जणू भिंतीवर असं काही आहे हे त्यांना आत्ताच कळत होतं.

"तो सप्ताहाचा आहे हो. सप्ताह संपला."

साहेब आवाज चढवणारे नव्हते. ते उठून दारात गेले. बाहेरच्या बाकावर टेंपररी ड्रायव्हर बसले होते, कुणी रजेवर गेलं तर बदली जायला थांबलेले. त्यांत दादाच्या धाकट्या बहिणीचा, ठकीचा, नवरा होता. दादानेच त्याला गाडी शिकवली होती, दादानेच शब्द टाकून डेपोत लावलं होतं. घरी दादा त्याला थट्टेने जावईबापू म्हणायचा, आणि ते नाव डेपोतही त्याला चिकटलं होतं.

"काय जावईबापू, न्याल का गाडी?"

त्याने एकदा दादाकडे पाहिलं. दादाने किंचित मान हलवली : नको.

"नेतो, साहेब," तो म्हणाला.

दादा त्याच्याबरोबर बसपर्यंत गेला. पहिल्या गिअरमध्येच ठेव, ब्रेकला पाय लावू नकोस, इस्पितळाच्या वळणावर आतली बाजू धर, असं बरंच काही भराभर सांगत राहिला. जावईबापू हो हो म्हणत होता, पण त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. खाली उतरलेले लोक पुन्हा चढले. दादाच्या शेजारून जाताना त्यांनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

बसचे मागचे लाल दिवे उताराला लागले, पहिल्या वळणाआड गेले. दादा फाटकातच उभा राहिला. तो कान देऊन ऐकत होता. मग काय ऐकतोय, हे त्याचं त्यालाच उमगलं. आपलं म्हणणं खरं ठरावं अशी वाट तर आपण बघत नव्हतो? त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि मनाशी म्हटलं, पोचू दे. माझं हसं झालं तरी चालेल, पण पोचू दे.

बस पोचली. तसा फोन आला आणि दादाचं खरोखरच हसं झालं.

"दादा, ऊन आलं का?" चहाच्या टपरीवर एकाने विचारलं. सगळे खदखदून हसले. दादाही हसला. त्याला मनापासून बरं वाटलं होतं. पण त्या बरं वाटण्याच्या खाली काहीतरी खचत चाललं होतं आणि त्याला त्याचं नाव सापडत नव्हतं.

परतीची फेरी करून जावईबापू आला तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. लोकांनी त्याची पाठ थोपटली. साहेबांनी त्याला आत बोलावून घेतलं. बाहेर आल्यावर त्याने दादाला खूण केली आणि गाड्या धुवायच्या जागेमागे नेलं. तिथे पोचताच त्याचं हसू मावळलं.

"दादा, गेली होती गाडी."

"कुठे?"

"इस्पितळाच्या वळणावर. मागनं सरकली ती सरकलीच. मी चाक फिरवतोय, तिला पत्ताच नाही. पार आडवी झाली. मागचं चाक कठड्याला टेकलं म्हणून थांबली. खाली नदी दिसत होती मला." त्याने विडी तोंडाला लावली आणि ती न पेटवताच पुढे बोलत राहिला. "आतल्या कुणाला कळलं नाही. काचा धुरकटलेल्या. एक नर्सबाई म्हणाली, किती जपून घेतलंत हो वळण."

दादाने काडी ओढून त्याची विडी पेटवून दिली.

"साहेबांना सांगितलंस?"

"साहेब मला कायम करतायत. हीच फेरी देणार म्हणाले. तुम्ही घरी ठकीला यातलं काही बोलू नका. तिचे दिवस भरत आलेत."

"नको म्हण."

"तुम्ही म्हणालात ना? मग काय झालं? मी गेलो." जावईबापू उद्धटपणे बोलत नव्हता, नुसतं जे होतं ते सांगत होता. "मी नको म्हटलं तर बाकावर आणखी बसलेत की."

सकाळपासून आत काय खचतंय, ते आता दादाला कळलं. बस धडपणे पोचली होती, म्हणून यापुढे ती रोज जाणार होती.

संध्याकाळी ठकी हातातली पिशवी सावरत, धापा टाकत आली आणि दारातूनच म्हणाली, "दादा, तू नाही म्हणालास ते किती बरं झालं! नाहीतर यांच्याकडे कुणी बघितलं असतं का?"

दादाच्या बायकोने तिला खुर्ची दिली. दादा म्हणाला, "त्याला मफलर बांधून जायला सांग. वारा फार बोचतो."

फेरी नाकारली म्हणून दादाला यार्डात घेतलं होतं. गाड्या मागेपुढे करायच्या, धुऊन झालेल्या रांगेत लावायच्या. तिथून फाटक स्वच्छ दिसे. रोज जावईबापू चाकावर बसताना एकदा छातीशी हात नेई, मग शर्टाचं बटण नीट करतोय असं दाखवी. त्याचे गाल बसत चालले होते. थंडी हटायचं नाव घेत नव्हती.

एका सकाळी बस उताराला लागली आणि दादाच्या हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला. बुटात पाणी गेलं तेव्हा तो भानावर आला. पाइप बंद करून तो ऑफिसात गेला.

"साहेब, माझी फेरी मला परत द्या."

"भीती गेली वाटतं?"

"गेली."

"परत ऊन-बिन काढायचं नाही हं."

"नाही."

साहेबांनी चष्मा पुसला. "जुने आहात, मागितलीत तर देणं आलं. पण मग त्याला कायम कुठे करू? जागा एकच आहे. यार्डात घेईन, पण टेंपररीच."

"यार्डात घ्या," दादा म्हणाला.

ठकी त्याच दिवशी आली. या वेळी ती खुर्चीवर बसली नाही.

"सांग ना, काय बिघडवलं होतं आम्ही तुझं? सगळं गाव हसलं तुला, त्याचा राग यांच्यावर काढलास? परक्याने केलं असतं तर गप्प बसले असते. सख्ख्या भावाला बघवलं नाही!"

जावईबापू तिच्या मागे दारात उभा होता. दादाने तिच्या खांद्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. तो आपल्या बुटांकडे बघत होता. एकदा त्याने मान वर केली, ओठ उघडले. दादाला वाटलं, बोलतोय आता. पण त्याने ठकीच्या कोपराला हात लावला.

"चल, घरी चल. जिना निसरडा झालाय, माझा हात धर."

एकेक पायरी सांभाळत तो तिला खाली घेऊन गेला. अगदी खाली पोचेपर्यंत तिचं रडणं वर ऐकू येत होतं.

"तुम्ही बोलला का नाहीत?" दादाच्या बायकोने विचारलं.

"तिला चालताना दम लागतो," दादा म्हणाला. "पुढच्या वेळी आपणच जाऊ तिच्याकडे."

पुढची वेळ येणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. बायकोने दार लावलं.

दुसऱ्या दिवशी तो चाकावर बसला तेव्हा त्याचे गुडघे डॅशबोर्डला लागले. जावईबापूने आपल्या उंचीप्रमाणे सीट पुढे ओढून घेतली होती. दादाने खालची कळ दाबून ती मागे सरकवली. समोरची काच आतून पुसली. बाहेर पहाट गोठून उभी होती.

"कालच्यासारखंच आहे," कंडक्टर हळूच म्हणाला.

"दिसतंय."

मागच्या सीटवरच्या नर्सबाई पुढे वाकल्या. "दादा, त्या पोरासारखं वेळेवर पोचवा हं. किती छान घ्यायचा तो वळणं."

"पोचवतो, बाई," दादा म्हणाला, आणि त्याने गाडी फाटकातून बाहेर काढली.